नजर दांड्यापलीकडे

घोड्यावर बसणारी माणसं तासभर बसतात आणि त्याबद्दल दोन तास बोलतात. आमचं तर त्याहून वाईट. रविवारी सकाळी सराव, नऊला घोडे बांधायचे आणि मग चहाच्या टपरीवर बारा वाजवायचे. अशानं किस्से साठणार नाहीत तर काय! बायको म्हणते, तुमच्या घोड्यांपेक्षा तुमच्या गप्पाच जास्त उंच उड्या मारतात.

गोंदियाच्या बाहेर एका बंद राईस मिलच्या मागच्या मैदानात हा सगळा कारभार चालतो. शिकवणारे उस्ताद पोलिसांच्या घोडदलातून निवृत्त झालेले. वय साठीच्या पुढे, पाठ अजून ताठ. शिकणारे आम्ही तिघं: पंचायत समितीतला सीनियर क्लार्क मी, दातांचे डॉक्टर अग्रवाल आणि कॉलेजात शिकणारी ज्योती. डॉक्टर आणि मी नुसते हौशी. ज्योतीला मात्र दिवाळीनंतर नागपूरच्या स्पर्धेत उतरायचं होतं.

अडचण अशी की होळीच्या सुमारास ती उडी मारताना घोडीवरून पडली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, ती परत आली, पण ऐन उडीच्या वेळी तिची मान खाली जायला लागली. जिथे पडली होती, तिथेच बघायची. मान गेली की खांदे जातात, वजन पुढे पडतं, आणि घोडी एक तर थांबते नाही तर उडीचा आडवा दांडा पाडते. नजर वर आल्याशिवाय नाव पाठवणार नाही, असं उस्तादांनी सांगून टाकलं. गावाकडे तिच्या बाबांनी घोड्याचा विषयच बंद केला होता, आणि त्यांच्या होकाराशिवाय फॉर्म भरायला ती तयार नव्हती. नाव ऑगस्ट संपायच्या आत जायला हवं होतं.

* * *

आधी माझंच सांगतो, म्हणजे दुसऱ्यांना हसायला मी मोकळा.

वीस वर्षं सरकारी खुर्चीत काढल्यावर माणूस कशावरही बसला तरी खुर्चीतच बसतो. माझे पाय पुढे, पाठ मागे, पोट मध्ये. उडीच्या वेळी रिकिबीत पाय रोवून बूड जरा उचलायचं असतं, म्हणजे घोड्याची पाठ मोकळी राहते. मी काही उचलत नसे. घोडा वर जाई, मी मागे राही, आणि खाली येताना त्या बिचाऱ्याच्या पाठीवर धप्पकन आदळे.

महिनाभर उस्तादांनी सहन केलं. मग एक दिवस घोडा थांबवून अगदी अदबीनं म्हणाले, "साहेब, घोडा उडी मारून रायला, अन् तुमी सह्या करून रायले. जरा उठा ना."

त्या दिवशी ऑफिसात मी दिवसभर उभ्यानंच काम केलं. साहेबांनी दोनदा विचारलं, बरं आहे ना म्हणून.

* * *

डॉक्टरांची तऱ्हा उलटी. ते घोड्याच्या आधीच उडी मारत.

दांडा तीन पावलांवर असतानाच त्यांचं डोकं घोड्याच्या कानांपुढे गेलेलं असे. पुढचे पाय उचलायच्या वेळी मानेवर एवढं ओझं आलं, तर घोडा काय करणार? एका रविवारी तो शहाण्यासारखा थांबला. डॉक्टर थांबले नाहीत. ते एकटेच दांडा ओलांडून पलीकडच्या वाळूत उतरले, तोंडावर.

उस्ताद शांतपणे चालत गेले आणि वरून वाकून म्हणाले, "डॉक्टरसाब, आप तो पहुँच गए. अब घोड़े का इंतज़ार करो."

समोरचा दात अर्धा तुटला होता. पुढचा आठवडाभर डॉक्टरांनी दवाखान्यात मास्क काढला नाही, चहासुद्धा पडद्याआड जाऊन प्यायले. गावात दातांचा दुसरा डॉक्टर गाठायचा, तर त्याला काय सांगणार!

* * *

ज्योतीची घोडी चंदा आधी वरातीत होती. उस्तादांनी तिला आणून उड्या शिकवल्या, पण जुनी सवय काही गेली नाही. मैदानासमोर रस्त्यापलीकडे लग्नाचं एक लॉन आहे. जूनमध्ये एकदा ज्योती दांड्याकडे निघाली आणि नेमकी तेव्हाच तिकडे वरात आली, डीजे सुरू झाला. चंदानं दांडा सोडला आणि जागच्या जागी नाचायला लागली. पुढचे दोन पाय वर, मग मागचे, मग मान डोलावणं, सगळं अगदी तालात.

मी असतो तर लगाम खेचून तिचं तोंड फाडलं असतं. ज्योतीनं लगाम तसाच हलका धरला, टाचा खाली दाबल्या आणि गाणं संपेपर्यंत बसून राहिली. तिचा हात तसा पहिल्यापासून चांगला. खोट होती ती फक्त नजरेत.

एवढ्यात वरातीतले एक आजोबा कुंपणापर्यंत आले. हेल्मेट घातलेल्या ज्योतीला त्यांनी नीट न्याहाळलं आणि उस्तादांना रागावून म्हणाले, "काऊन जी, नवरदेवाले फेटा नाही भेटला का?"

* * *

जुलैत आम्ही ज्योतीच्या बाबांना समजवायला गेलो. वाटेत कोहमाऱ्याला चहा घेतला, तिथे कोण काय बोलणार ते ठरवलं आणि अर्जुनीकडे तिच्या गावी निघालो. ज्योती आदल्या दिवशीच घरी गेली होती. गाव इटियाडोह धरणाच्या कालव्याखालचं, धानाची रोवणी जोरात, जिकडेतिकडे भाताची रोपं लावणं चालू. बाबा शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभे होते. आम्हाला पाहून त्यांनी राम राम केला आणि तोंड फिरवलं.

ठरवलेलं भाषण मी सुरू करणार, तर उस्तादांचं लक्षच नाही. ते रोवणी करणाऱ्या बायांकडे बघत होते. दहा-बारा बाया एका ओळीत, कमरेतून वाकलेल्या, पाठी सपाट, गुडघे जरासे सैल, भार टाचांवर.

"चपला काढा," उस्ताद आम्हाला म्हणाले. "सा महिन्यापासून मी हेच सांगून रायलो."

पँटी वर करून डॉक्टर आणि मी चिखलात उतरलो. रोपांची एकेक जुडी हातात घेऊन वाकलो. दोन मिनिटांत माझी पाठ बोंबलायला लागली. डॉक्टरांनी भार चवड्यांवर टाकला आणि इथेही ते सगळ्यांच्या आधी पोहोचले, चिखलात, कोपरापर्यंत. ओळीच्या टोकाला शेवंताबाई होत्या, सत्तरीच्या. त्यांनी चिखलाच्या हातानंच माझ्या पाठीवर एक थाप मारली. "कमरेतून वाक जी, पाठीतून नोको. अशी पाठ संध्याकाळवरी पुरत नाही."

मी तसं केलं आणि पाठ खरंच हलकी झाली. घोड्यावर जे सहा महिने जमलं नव्हतं, ते धानाच्या बांधीतल्या चिखलात जमलं. त्या दिवसापासून मी उडीवर आदळत नाही. शेवंताबाईंचे उपकार आहेत माझ्यावर, आणि माझ्या घोड्यावर जास्त.

धुऱ्यावर बाबा हसत होते. हसणं थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण डॉक्टरांच्या चष्म्यावरून चिखल ओघळायला लागला तेव्हा त्यांनी हार मानली. जेवायला बसवलं. जेवताना त्यांच्या मनातली गोष्ट निघाली. होळीच्या वेळी दवाखान्यात पोरीचा हात गळ्यात बांधलेला पाहून ते बाहेर येऊन रडले होते, आणि ते कोणाला माहीत नव्हतं. ज्योती ताटात बघत बसली. शेवटी ते म्हणाले, "एक डाव येतो. पायतो. मंग सांगतो."

* * *

ऑगस्टचा शेवटचा रविवार. फॉर्म उस्तादांच्या खिशात, घडी घालून.

ज्योतीची नजर वर काढायला उस्तादांनी महिनाभर एकच युक्ती चालवली होती. दांड्यापलीकडे, जरा बाजूला, एक माणूस उभा करायचा. घोडी उडाली की त्यानं हात वर करून काही बोटं दाखवायची, आणि ज्योतीनं उतरताच आकडा सांगायचा. बघितल्याशिवाय सांगता येत नाही. बहुतेक वेळा मी उभा राहायचो आणि ज्योती दरवेळी "तीन" म्हणायची. एकदा तर मी हातच वर केला नव्हता, तरी तीन!

त्या सकाळी बाबा आले, धुतलेला सदरा, खांद्यावर दुपट्टा. कुंपणाला टेकून बघतील असं आम्हाला वाटलं होतं. उस्तादांनी त्यांना हाताला धरून सरळ दांड्यापलीकडे नेलं, जागेवर उभं केलं आणि काय करायचं ते समजावलं. बाबांनी मान हलवली. त्यांचा चेहरा उतरला होता. परत येताना उस्तादांनी दांडा एक खिळा वर चढवला. मला ते पटलं नाही.

ज्योतीनं चंदाला गोल फिरवलं आणि वळवलं. टापा जवळ आल्या. डॉक्टरांनी माझं मनगट धरलं होतं, ते मला नंतर दुखलं तेव्हा कळलं. घोडीनं पुढचे पाय उचलले. ज्योती कमरेतून वाकली, पाठ सपाट, हात घोडीच्या मानेबरोबर पुढे गेले. दांडा हलला नाही. चंदा पलीकडे अलगद उतरली.

"बोटं किती?" उस्ताद ओरडले.

ज्योतीनं घोडी सावकाश केली, वळवली, आमच्याकडे आली. हेल्मेटखाली तिचा चेहरा हसू की रडू असा झाला होता.

"बोटं कायची उस्ताद? उडतानी पायलं, बाबानं तं डोरे गच्च मिटून ठेवले आहेत."

आम्ही तिघांनी तिकडे पाहिलं. बाबा तसेच उभे होते. वर केलेल्या हाताची मूठ वळलेली, डोळे मिटलेले.

"झाली का जी उडी?" त्यांनी विचारलं.

"झाली," खिशातून फॉर्म काढत उस्ताद म्हणाले. "पण नागपूरले असे डोरे मिटू नोका."