इंजिनाला घातलेली शाल

माझा एक मित्र ग्लासगोत हृदयरोगतज्ज्ञ आहे आणि तिथल्या मराठी मंडळाचा माजी अध्यक्षही. यातल्या दुसऱ्या पदामुळे त्याच्या घरातलं एक कपाट सत्काराच्या शालींनी भरलेलं आहे. त्या शाली कोणी पांघरत नाही आणि कोणाला देताही येत नाहीत. ज्याला द्यावी, त्याच्याकडेही असंच एक कपाट असतं.

या मित्राने स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये डोंगरावर घर घेतलं. उन्हाळ्यात घेतलं, त्यामुळे वरचा रस्ता बर्फाखाली जातो हे त्याला हिवाळ्यात कळलं. वहिनींनी स्वच्छ सांगितलं, "दरवेळी चढून जायचं असेल तर हे घर विकायचं. या वयात मला गिर्यारोहण नको." वहिनी शब्दाच्या पक्क्या. मित्राने मात्र रिटायर झाल्यावर पुस्तकं कोणत्या भिंतीला लावायची, तेसुद्धा ठरवून ठेवलेलं. शेवटी त्याने बर्फावरून चालणारी एक जुनी गाडी, स्नोमोबिल, विकत घेतली आणि पहिल्या फेरीला साक्षीदार म्हणून मला बोलावलं.

विकणाऱ्या शेतकऱ्याने त्याला नीट समजावलं होतं. या इंजिनात पाणी नाही, रेडिएटर नाही. पुढच्या जाळीतून पंखा हवा ओढतो आणि त्या हवेनेच इंजिन गार राहतं, तेव्हा जाळी मोकळी ठेवा. मित्राने मान डोलावली. पेशंट बोलत असताना त्याच्या रोगाचं निदान आधीच झालेलं असलं, की तो अशीच डोलावतो.

त्या सकाळी गाडी लवकर सुरू होईना. "गारठलंय बिचारं," मित्र म्हणाला. त्याने कारच्या डिकीतून जरीकाठी शाल आणली, इंजिनाच्या झाकणावर पुढून मागून लपेटली आणि टोकं रबरी पट्ट्यांत खोचली. मग गाडी सुरू झाली. लगेच तो घसा खाकरून म्हणाला, "आजच्या या प्रसंगी..."

"अहो, निघा," वहिनी म्हणाल्या.

जाळी झाकली गेली हे मला दिसत होतं. पण सत्कार चालू असताना मध्ये बोलायचं नाही, ही मंडळाची शिकवण.

ते दोघं गाडीवर, मागे बांधलेल्या घसरगाडीत किराणा आणि मी. चढ मोठा, बर्फ भुसभुशीत, वेग बैलगाडीचा. अर्ध्या वाटेत जळका वास आला, गाडीचा जोर गेला आणि ती थांबली. मित्राने झाकणावर हात ठेवला, कपाळावर ठेवावा तसा.

"ताप आहे."

"मग पॅरासिटामॉल द्या," वहिनी उतरत म्हणाल्या. "मी सोमवारी इस्टेट एजंटला फोन करते."

"अगं, वारा लागतोय त्याला," म्हणत मित्र शाल आणखी घट्ट खोचू लागला. वहिनी रागाने चार पावलं चढून गेल्या, धापा टाकत थांबल्या, मफलर सोडला, कानटोपी काढली आणि वळून गाडीकडे बघत राहिल्या.

"अहो, मला उकडलं म्हणून मी टोपी काढली. त्याच्या अंगावर काय आहे?"

"शाल."

"कसली?"

"सत्काराची."

"कोणाच्या?"

"माझ्याच," मित्र बारीक आवाजात म्हणाला.

वहिनींनी शाल ओढून काढली. तिचे गोंडे जाळीत ओढले गेले होते, तेही उपटले. झाकण उघडून आम्ही वाऱ्यात उभे राहिलो. सत्काराने डोकं तापलेली माणसं मी मंडळात पुष्कळ पाहिली आहेत, इंजिन पहिल्यांदाच पाहत होतो.

ते गार झाल्यावर मित्र पुढे सरसावला, पण सीटवर वहिनी बसल्या होत्या. "तुम्ही दोघं चालत या. त्याच्यावर भार नको." गाडी सुरू झाली आणि किराण्यासकट वळणाआड गेली.

आम्ही गुडघाभर बर्फ तुडवत पोचलो तेव्हा चिमणीतून धूर येत होता. वहिनी दारात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या, गाल लाल झालेले.

"राहू दे घर," त्या म्हणाल्या. "पण गाडी मी चालवणार."

मित्राचे डोळे भरून आले. बोटं वाकत नव्हती, तरी त्याने काखेतली शाल उलगडली, घसा खाकरला आणि दोन्ही हात पुढे करून वहिनींकडे निघाला.

"खबरदार," वहिनी म्हणाल्या. "मला आधीच उकडतंय."