काचेकडे पाठ

बाईंना परदेशातल्या इंग्रजीच्या या शिकवणीवर्गात पहिला धक्का दिला तो काचेने. वर्गाची एक अख्खी भिंत काचेची आणि पलीकडे सोफ्यांवर आईबाप. आतला आवाज बाहेर जात नाही, दिसतं मात्र सगळं. म्हणजे आपलं पोर इंग्रजी शिकतंय की नाही, हे इथले पालक कानांनी नव्हे, डोळ्यांनी ठरवणार! बाईंनी कितीही जीव तोडून शिकवलं तरी वर्गाच्या मालकीणबाईंचं पालुपद एकच, "हसत राहा. बाहेर दिसतं."

मायदेशी बाई नुसत्या खाकरल्या तरी वर्ग चिडीचूप व्हायचा. इथे त्या हत्ती व्हायच्या, आगगाडी व्हायच्या, 'जंप' शब्द शिकवताना खरोखरच उड्या मारायच्या. संध्याकाळी गुडघे बोलायला लागत. भाड्याच्या खोलीवर आल्या की चहा टाकायचा, पोरांनी दिलेला खोकला दाबायचा आणि लेकीला फोन लावायचा. लेक आजीपाशी राहत होती. नवऱ्याशी बाईंचं केव्हाच फाटलं होतं. नोकरीचा करार वाढला तरच लेकीला इथे आणता येणार होतं, नाहीतर गाशा गुंडाळायचा. म्हणून बाई हत्ती होत होत्या, हौस म्हणून नव्हे.

लेकीला त्या काचेचं भारी कौतुक. "आई, मी आले ना, की बाहेर सोफ्यावर बसणार. सगळ्यांना सांगणार, ती बघा, ती माझी आई! तू मला आतून हात करशील ना?"

"करीन गं बाई, दोन्ही हात करीन," बाई म्हणायच्या.

वर्षाअखेरी नव्या पालकांना वर्ग दाखवायचा दिवस आला. त्यावरच कराराचं ठरणार होतं. बाई ठेवणीतले कपडे घालून लवकर पोचल्या आणि दारातच थबकल्या. फळ्यापुढे एक सोनेरी केसांचा ताडमाड माणूस उभा होता. अंगात शिक्षकांचा लाल कोट, तोही बाईंचाच! बाह्या त्याच्या कोपराशी संपल्या होत्या.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"आजचे सर," मालकीणबाई म्हणाल्या.

"आणि मी?"

"अहो, शिकवणार तुम्हीच. फक्त पोरांमध्ये बसायचं, छोट्या खुर्चीवर, काचेकडे पाठ करून. हे पुढे उभे राहून ओठ हलवतील."

बाईंचा कानांवर विश्वास बसेना. "यांना इंग्रजी येतं तरी का?"

"कशाला यायला हवं? बाहेर कुठे ऐकू जातंय?" मालकीणबाईंनी खोलीचे पडदे बदलावेत इतक्या सहज सांगितलं. "पालकांना असा चेहरा लागतो, बाई. तुम्हाला बघितलं की विचारतात, या कुठल्या?"

तो माणूस बिचारा ओशाळला होता. "मी पोहायला शिकवतो हो," तो हळूच म्हणाला. "मला सांगितलं, नुसतं उभं राहायचंय."

बाई हबकल्या होत्या. चांगलं खडसवायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात लेक डोळ्यांपुढे आली. त्या निमूट छोट्या खुर्चीवर जाऊन बसल्या. गुडघे हनुवटीला लागले.

वर्ग सुरू झाला. बाई बसल्या जागेवरून शिकवत होत्या, पोहण्याचे सर मासोळीसारखं तोंड उघडत-मिटत होते आणि पोरं खदाखदा हसत होती. बाहेर आईबाप खूश! पोरं इतकी हसताहेत म्हणजे काय रंगलाय वर्ग! बाईंच्या पाठीला ते सगळं कळत होतं.

वर्ग सुटल्यावर एका आईने सरांचा हात दोन्ही हातांत धरला. मग ती बाईंकडे वळली आणि अगदी मनापासून म्हणाली, "तुमचं कौतुक वाटतं हं. या वयात लहान मुलांबरोबर शिकायला बसायचं म्हणजे सोपं नाही."

इतकी वर्षं खडू झिजवले, शेकडो पोरांना बोलतं केलं, त्याचं हे फळ! आणि त्या आईवर रागावणार तरी कसं? तिने जे बघितलं तेच ती बोलली होती.

मालकीणबाईंनी मात्र त्यांना दारातच गाठलं. "सगळ्यांनी नावं नोंदवली! करार वाढला तुमचा. आता रोज असंच करायचं. खुर्चीवर उशी देते हवी तर."

बाईंनी सही केली.

खोलीवर येऊन त्यांनी फोन लावला. पडद्यावर लेक दिसली आणि त्यांनी धीर करून सांगून टाकलं, "तुझं यायचं ठरलं बघ."

लेक अशी काही किंचाळली की आजी आतून धावत आली. "म्हणजे आता मी काचेतून बघणार! तू फळ्यापाशी उभी असशील ना? मला हात करशील ना?"

बाईंना हो म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"आजी, बघ गं," लेक म्हणाली, "आईचे नुसतेच ओठ हलताहेत. आवाजच येत नाहीये."