स्विचवरचं लाल फडकं

आखाडा बाळापुरात विजेच्या मोटारी दुरुस्त करणारे एक काका आधी मोठ्या शहरात विमानांच्या दुरुस्तीला होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नोकरी सोडून गावी आले. बोलायचे कमी. कामाला हात घालण्याआधी स्विचला लाल फडकं बांधायचे आणि तिथल्या प्रत्येकाला विचारायचे, "दिसून राहिलं ना?" लोक हसायचे. मीही हसायचो.

एकदा आमचा हळद पॉलिश करायचा ड्रम बंद पडला. काका आत हात घालून बसले होते. माझा भाऊ पलीकडे स्विचपाशी घाईत होता. काम झालं असं समजून त्यानं फडकं सोडलं आणि बटण दाबलं. ड्रम हलला नाही, कारण काकांनी फ्यूजही काढून ठेवले होते. पण काकांनी हात बाहेर काढला, उठून फडकं पुन्हा स्विचला बांधलं.

"काका, चुकलं माझं. माफ करा," भाऊ रडवेला झाला.

"विमानाच्या चाकापाशी माझा जोडीदार काम करून राहिला होता," काका म्हणाले. "मला वाटलं, बाहेर आला. म्या बटण दाबलं आन् चाक आत घ्यायच्या खणाचं दार त्याच्यावर मिटलं. तो गेला."

भाऊ पुन्हा माफी मागू लागला.

"तू माफी मागून तरी राहिला," काका म्हणाले. "जोडीदाराच्या बायकोसमोर जायाला मला आजवर जमलं न्हाई."