सहावी बाहुली

आबा, म्हणजे माझे वडील, पंचकाच्या अशुभ पाच दिवसांत गेले. पंचकात गेलेला माणूस एकटा जात नाही, घरातल्या आणखी पाच जणांना ओढून नेतो, असं आमच्या नेरे गावात मानतात. म्हणून तिरडीवर कणकेच्या पाच बाहुल्या ठेवतात. त्या त्याच्याबरोबर जळतात. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण आईनं कणीक पुढ्यात सरकवली तेव्हा पाचही मीच वळल्या. त्या दिवशी तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

धाकटा भाऊ तेव्हा माल्टात होता, एका बेकरीत कामाला. परवान्याचे कागद नव्यानं व्हायचे होते. निघाला असता तर परत जाता आलं नसतं. तो आला नाही. अग्नी चुलतभावानं दिला. तेव्हापासून आईनं धाकट्याशी बोलणंच टाकलं. फोन आला की, "तुजा भाऊ हाय," म्हणून माझ्या हातात द्यायची. जसा काही तो नुसता माझाच भाऊ होता! मला दोघांचाही राग यायचा. मधल्यामध्ये मरण माझं.

चैत्रात तो आला. पाया पडायला वाकला तर आईनं पाय मागे घेतले. मग त्यानं बॅगेतून पुठ्ठ्याचा खोका काढला, कपड्यांच्या घड्यांत जपून आणलेला.

"तिकडं ईस्टरला हे करत्यात. फिगोल्ला म्हणत्यात," तो सांगत मला होता, ऐकवत तिला होता. बिस्किटासारखे दोन थर, मध्ये बदामाचं सारण, वर साखरेचा पांढरा लेप. कुणी मासा करतं, कुणी कोकरू, कुणी माणूस. यानं स्वतःच्या हातानं माणूस केला होता. डोक्यावर पांढरी टोपी, चॉकलेटच्या झुबकेदार मिश्या. हुबेहूब आबा.

"मला त्यांचं कायच करता आलं न्हाई," तो म्हणाला. "म्हणून हे केलं."

मला भरून आलं. आता तरी आई विरघळेल असं वाटलं. ती खोक्यापासून दोन पावलं मागे सरकली होती.

"पाच दिल्या व्हत्या," ती त्याला म्हणाली. "ही सहावी कुणाची आणलीस?"

इतक्या महिन्यांनी ती बोलली ती हे. त्याला काही कळेना. आबांना नेताना मी त्याला मोबाईलवर दाखवत होते, पण ऐन वेळी नेटवर्क गेलं. बाहुल्या त्यानं पाहिल्याच नव्हत्या. मी सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला.

"आई, अगं खायची वस्तू हाय ती."

"घेऊन जा. जाळून ये."

मग मात्र माझं डोकं फिरलं. लेकरू कुठून कुठून आलंय आणि तुला बाहुल्या सुचतायत, म्हणून मी तोंड सोडलं. आई माझ्यावर ओरडली, "त्याच्याच जिवासाठी सांगतीया! सहावी म्हंजी ह्योच की! ह्याला न्हेत्याल!" तिला इतकं भ्यालेलं मी आबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

भावानं खोका उचलला आणि स्मशानाची वाट धरली. बाईमाणसानं स्मशानात जाऊ नये म्हणतात, मी गेले. तिथं ओढ्याकाठी त्यानं चार काटक्या रचल्या, वर तो पुतळा ठेवला आणि पेटवला. टोपी आधी वितळली. मग बदाम भाजल्याचा खमंग वास सुटला आणि माझ्या तोंडाला पाणी आलं. माझी मलाच शिसारी आली.

"पानी सोडायचं का?" त्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं. सोड म्हणाले. त्यानं ओढ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि हमसून हमसून रडायला लागला.

घरी आलो तर आई कळशी घेऊन दारात उभी. मयताहून आलेल्या माणसाच्या पायांवर घालतात तसं तिनं त्याच्या पायांवर पाणी घातलं.

"डोक्याचं केस काढून ये, मंग आंगूळ कर," ती म्हणाली. "बाप गेलाय तुजा."