अडाणच्या पाण्यावर, ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून मांगूर

पाऊण किलोचा एक देशी मांगूर मला कितीला पडला, ते आधीच सांगून टाकतो. मालेगाव (आमचं वाशीमचं, नाशिकचं नाही) ते अडाणचं धरण आणि परत, बाइकमध्ये चारशेचं पेट्रोल. वाटेतला चहा-नाश्ता शंभर-सव्वाशेचा. दीड दिवस दुकान पोराच्या भरवशावर, म्हणजे गल्ल्यात काय आलं आणि काय गेलं ते देवालाच ठाऊक. एक स्लिपर धरणात गेली, तीही उसनी. आणि घरी आल्यावर बायकोचा अबोला, त्याचा भाव अजून ठरायचा आहे. बाजारात हाच मासा याच्या निम्म्यात मिळाला असता, असं तुम्ही म्हणाल. पण बाजारात देशी म्हणून जो देतात तो बहुतेक वेळा देशी नसतो, आणि बाजारात पाणी नसतं.

माझं मालेगावात वाशीम रोडवर टायरचं दुकान आहे. सुरुवात केली तेव्हा फक्त एक टब, एक पंप आणि पॅच होते. फुगवलेली ट्यूब टबात दाबायची, फिरवायची, बुडबुडे दिसले की तिथं खूण करायची. अर्धं आयुष्य मी ट्यूब पाण्यात बुडवत आलो, पण ट्यूबवर बसून पाण्यावर तरंगणं कधी जमलं नाही. इंझोरीकडचे सुखदेवभाऊ मात्र तेच करतात. ते भोई, अडाणच्या धरणावर मासे धरतात आणि नाव म्हणून त्यांच्याकडे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ट्यूब. दर दोन-तीन वर्षांनी माझ्याकडून जुनी ट्यूब नेतात. दर वेळी म्हणतात, "भाऊ, या ना एक डाव पाण्यावर."

या वेळी त्यांचा फोन आला तो वेगळ्या आवाजात. "ट्यूब हाय का चांगली? माही फाटली. पल्लवीले टायफाईड झालता. ताप उतरला, पण पोरगी काहीच खाऊन नाई राह्यली. म्हणते, पप्पा, मांगूर आणला त जेवतो. चार दिस झाले, रोहूच येऊन राह्यला."

दुखण्यातून उठलेल्या माणसाला मांगुराचा रस्सा द्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. मी म्हणालो, "ट्यूब पाठवत नाही. घेऊनच येतो." बायकोनं विचारलं, "या वयात?" मी म्हटलं, या वयातच.

दिवाळी होऊन गेली होती. सोयाबीन निघालेलं, तूर पिवळ्या फुलांवर आलेली. दोन ट्यूब हवा काढून, घड्या घालून मागच्या सीटला बांधल्या: एक सुखदेवभाऊंसाठी, एक माझ्यासाठी. शेलूबाजारला पोहे आणि चहा घेतला. तिथून कारंज्यापर्यंत रस्ता चांगला, फक्त कापसाच्या गाड्यांच्या मागे अडकू नका. कारंज्यात नायलॉनची दोरी घ्यायला ओळखीच्या जैन शेठच्या दुकानात थांबलो.

"इतकी बारीक दोरी कायले पाहिजे भाऊ?"

"मासे..."

"बस बस! दोरी देतो. पुढचं मले सांगू नका." पैसे घेताना मात्र हळूच म्हणाले, "पाण्यात जपजा. तुमची मागची उधारी हाय."

कारंज्याहून मानोऱ्याचा रस्ता धरायचा आणि इंझोरीच्या बाजूनं धरणाकडे उतरायचं. शेवटचा तुकडा कच्चा आहे, चारचाकी वरच ठेवलेली बरी. आणि एक लक्षात ठेवा: पाणी मच्छीमार सोसायटीकडे असतं, त्यांच्या माणसाबरोबरच उतरा.

सुखदेवभाऊंच्या घरी पोहोचलो तर पल्लवी ओट्यावर शाल पांघरून बसलेली. अकोल्याला शिकते. गालफडं आत गेलेली, पण जीभ शाबूत. "काका, तुमच्या वजनानं ट्यूब राहीन का?"

"माझ्या ट्यूबवर हत्ती बसव," मी म्हणालो. "पॅच माझ्या हातचा आहे. ट्यूब कुजून जाईल, पॅच निघणार नाही. इतक्या वर्षांत एक गिऱ्हाईक परत आलं नाही."

"मरून गेले असतीन," ती म्हणाली. आतून तिची आई, मंदावहिनी, हसल्या. "चार दिसानं पोट्टी बोलली व बापा."

दिवस मावळायच्या आत सुखदेवभाऊंनी एकट्यानं जाऊन दोरी लावली. लांब दोरी, तिला हात-हात अंतरावर गळ आणि गळाला गांडूळ. ही दोरी बुडालेल्या झाडांच्या खोडांमधून टाकायची आणि पहाटे उचलायची. मांगुराला चिखल आणि अडोसा लागतो.

पहाटे पाण्यावर धुकं होतं. त्यांनी ट्यूबच्या मधल्या भोकावर सुतळीची जाळी विणून बैठक केलेली, वर पोतं. माझ्या कमरेला तेलाची रिकामी कॅन बांधली आणि हातात घालायला जुन्या स्लिपरा दिल्या. पायात नाही, हातात. त्याच वल्ही.

"जोर नका लावू भाऊ. पाण्याले थोपटायचं. लेकराले झोपवता तसं."

चार-दोनदा गोल फिरलो, एक स्लिपर गेली, मग जमलं. आणि मग जे झालं ते मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. काठ दिसेना. वर पांढरं, खाली पांढरं, मध्ये मी बसलेला आणि माझं वजन कुठं गेलं ते कळेना. पाणी हवेपेक्षा कोमट. पाय घोट्यापर्यंत त्यात, आणि मधूनच काहीतरी टाचेला हळूच लागून जायचं. कानांना इतकी शांतता ऐकायची सवय नाही. दुकानात कॉम्प्रेसर, रस्त्यावर ट्रक. इथं थोड्या अंतरावर स्लिपरचा चुबुक-चुबुक आवाज आणि सुखदेवभाऊंचं बोलणं, धुक्यातून येणारं, जणू माझ्याच डोक्यात कुणी बोलतंय.

"आता तुमी आमच्या बुडालेल्या जुन्या वाटेवर आहा. खाली बैलगाडीचा रस्ता हाय. तिकडं उजव्या अंगाले बोरी होत्या. शाळेतून येतानी आमी बोरं खात होतो."

मी खाली पाहिलं. पाणी काळं. पण तेवढ्या वेळापुरता मी बोरीच्या शेंड्यावरून चाललो होतो, आणि खाली कुठंतरी एक पोरगा दप्तर खाली टाकून झाड हलवत होता. त्यानं वर पाहिलं असतं तर त्याला आभाळात दोन काळ्या ट्यूब दिसल्या असत्या.

दोरीचं टोक सापडलं. पहिलाच मासा शिंगाडा: मिशावाला, चकचकीत, आणि पाठीवर नि कल्ल्यांपाशी करवतीसारखे काटे. हाच ट्यूबवाल्याचा वैरी. भोई लोक त्याला ट्यूबपाशी आणायच्या आधी हात लांब ठेवूनच पकडीनं त्याचे तिन्ही काटे मोडतात. कट, कट, कट. मग पोत्यात. काटे मोडल्याशिवाय मासा मांडीवर घेतला की ट्यूब गेलीच समजा.

दुसरा शिंगाडा मला धरायचा होता. हौस. सुखदेवभाऊंनी दोरी माझ्याकडे दिली. "लांब धरजा हं." मी लांब धरला. माशानं एक झटका दिला, माझ्या मांडीजवळून शेपटी मारून गेला आणि गळ सोडून पाण्यात.

थोड्या वेळानं मला बसल्या जागी पाणी जास्त लागायला लागलं. मग ऐकू आलं. तो आवाज मी झोपेतही ओळखतो: स्स्स.

"सुखदेवभाऊ! काटा लागला!"

त्यांनी लगेच दोरी खोडाला अडकवली, माझ्याजवळ आले, माझी ट्यूब स्वतःच्या ट्यूबला बांधली आणि काठाकडे निघाले. दोरीचे निम्म्याहून जास्त गळ अजून पाण्यात होते. मांगूर असला तर तिथंच होता. मी म्हणालो, "आधी दोरी उचला, मी धरून राहतो." ते म्हणाले, "कासवं खातीन त खाऊ द्या. तुमाले काय झालं त पोरीले काय सांगू?"

काठाला येईपर्यंत माझी ट्यूब भाकरीसारखी झाली होती आणि मी कमरेपर्यंत पाण्यात. मला सोडून ते तसेच माघारी वळले. धुक्यात शिरले. मी ओल्या कपड्यात काठावर बसून त्या चुबुक-चुबुक आवाजाकडे कान लावून होतो. तो थांबला. बराच वेळ थांबला. मग परत सुरू झाला, या वेळी माझ्याकडे येणारा.

पोत्यात दोन मांगूर होते. काळे, गुळगुळीत, अजून वळवळणारे. बाकीचे गळ कासवांनी साफ केलेले.

मंदावहिनींनी एक चुलीवर घातला. जवस, खोबरं, लसूण, भरपूर तिखट नाही, आजाऱ्याचा रस्सा. दुसरा सुखदेवभाऊंनी ओल्या पोत्यात गुंडाळून माझ्या गाडीला बांधला.

"अहो, पोरीसाठी ठेवा."

"तिच्यासाठी एक पुरते. आमच्या शिंगाड्यानं तुमची ट्यूब फोडली. खाली हातानं जासान काय?"

दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. माणूस मनापासून देतो तेव्हा फार नको म्हणणंही बरं दिसत नाही. आम्ही बाहेर रोहू-भाकर जेवलो, पल्लवी आत जेवली. मी ओट्यावर बूट घालत होतो तेव्हा आतून ताटलीला बोट फिरवल्याचा आवाज आला, मग तिचा.

"मम्मी, अजून हाय का?"

"नाई व बेटा. एकच होता. उद्या आणतीन पप्पा."

सुखदेवभाऊंनीही ते ऐकलं. मी गाडीवरच्या पोत्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "निंगा भाऊ, ऊन होते." मी निघालो.

जायचं असेल तर थंडीच्या तोंडाशी जा, पोहता येत असेल तरच जा, आणि पाण्यावर कमी बोला. अजूनही दुपारी दुकानात कॉम्प्रेसर बंद पडला की दोन क्षण ते पांढरं माझ्याभोवती येतं आणि खुर्चीचं वजन जातं. मांगूर आम्ही त्याच संध्याकाळी खाल्ला. बायकोनं न बोलता केला, आणि न बोलता दोनदा वाढून घेतला. चव म्हणाल तर तशी चव मी दुसऱ्या कुठल्या माशाची घेतलेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्यावर ती ट्यूब फुगवली, टबात दाबली आणि सगळीकडून फिरवली. काट्याचं भोक कुठंच नव्हतं. बुडबुडे माझ्या पॅचच्या कडेनं निघत होते.