टायगरचा बायोडाटा

हे मी अजून कुणाशीच बोललेलो नाही. बायकोशी नाही, आणि जिच्याशी बोलायला हवं होतं तिच्याशी तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघतही नाही. याला धैर्य म्हणत नाहीत, एवढं मला कळतं.

मी सोलापूरजवळच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकं भरपूर, वाचणारे थोडे. म्हणून मीच वाचत गेलो. आणि वाचणाऱ्या माणसाला एक खोड लागते — दुसऱ्याचा डामडौल त्याला लांबूनच दिसतो, आणि त्याची टर उडवल्याशिवाय चहा गोड लागत नाही. आमच्याकडे डामडौलाला तोटा नव्हता. नव्या स्वच्छतागृहालासुद्धा संगमरवरी कोनशिला होती, आणि तिच्यावर इतकी नावं की इमारत कसली आहे ते शोधावं लागे. अशा प्रत्येक प्रसंगी स्टाफरूम माझ्या शेऱ्याची वाट बघायची. मला ते आवडायचं. फारच आवडायचं — हे इथंच सांगून ठेवतो.

श्रीदेवी कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट होती. सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरातली, घरी तेलुगू, बाहेर आमचं सोलापुरी मराठी. तिचे वडील चादरींची डिझाइनं काढायचे. ग्राफच्या कागदावर एकेक घर रंगवत जायचं, आणि शेवटी त्यातून मोर उभा राहायचा. तिनं एक दिवस जाहीर केलं की ती जोडधंदा सुरू करतेय: नोकरीचे बायोडाटा, पण चित्रांचे. माणसाला काय येतं ते एका पानावर नजरेला दिसलं पाहिजे. याला व्हिज्युअल रिझ्युमे म्हणतात, असंही तिनं सांगितलं.

"म्हणजे माणसाचा फ्लेक्स," मी म्हणालो. स्टाफरूम हसली.

तीही हसली. "हो की ओ सर. पण ह्या फ्लेक्सवरचा माणूस खरा असतोय."

हे उत्तर माझ्या शेऱ्यापेक्षा चांगलं होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं का? कळलं होतं.

लॅबमधली मशीन मुलांना लागायची, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर काम करायची. त्यामुळे तिचा धंदा मी अगदी जवळून पाहिला. भाषा तपासायलाही ती मलाच द्यायची. आणि खरं सांगायचं तर — बघत राहावं असं काम होतं ते.

आमच्याकडच्या पोरापोरींची एक चूक ठरलेली असते. बायोडाटा म्हटलं की हात आपोआप लग्नाचा लिहायला लागतो. वर गणपती, मग उंची, रंग, भावंडं, आणि शेवटी मामाचं नाव-गाव. सुवर्णा नावाची माढ्याची मुलगी आली, तिचा कागद थेट असाच होता. रंग गव्हाळ. मामा, केम. नोकरी मागितली होती पुण्याच्या एका दुधाच्या कंपनीत. मी पुस्तकाआड तोंड लपवून हसलो. श्रीदेवी हसली नाही. तिनं विचारलं, "मामाकडं जायचीस का गं तू? काय करायचीस तिथं?"

"सुट्टीत जायची की. मामाची डेअरी हाय. सकाळी मशीनवर दुधाचं फॅट मीच लावायची. कमी लागलं की लोकं भांडायची, मग त्यास्नी मीच समजावून सांगायची."

"मग हे लिहायचं सोडून रंग कशाला लिहिलीस?"

"का? कंपनीला लागत न्हाय व्हय?"

त्या पोरीला काय येतं हे तिच्या कागदातून नव्हे, तिच्या तोंडून काढायचं — हे श्रीदेवीचं कसब. तिनं पानावर दुधाचे कॅन मांडले, लहानमोठे, एकेका कॅनवर एकेक काम. फार भरलं नाही. रिकामी घरं सोडल्याशिवाय मोर दिसत नाही, हे तिला वडिलांनी शिकवलेलं. गणपती काढून टाकायचा म्हटल्यावर सुवर्णा कावरीबावरी झाली. श्रीदेवी म्हणाली, "देवाला मनात ठेव. त्या जागी तुझं सगळ्यात चांगलं काम लिहू." आणि तिथं, अगदी वर, लिहिलं: भांडण मिटवता येते. वाक्य मी तपासलं. एक अक्षर बदलायला जागा नव्हती.

छपाई सोलापुरातल्या भवानी पेठेत, मल्लिनाथकडे. फ्लेक्सचं दुकान, पण रंगीत प्रिंट उत्तम काढायचा. घरी कानडी बोलणारा, जाडजूड, मोठ्यानं हसणारा माणूस. श्रीदेवीला तो अक्का म्हणायचा, ती त्याला अण्णा. सुरुवातीला तिच्याकडे गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा नमुन्यांची पानं त्यानंच छापून दुकानाच्या काचेवर लावली होती. "अक्का, नेत्यांची तोंडं छापून कट्टाळा आलाय, जरा शिकलेल्या लोकांची छापू द्या की."

धंदा चालला. नुसता चालला नाही — कॉलेजच्या पगाराला त्यानं मागं टाकलं. सुवर्णाला मुलाखतीचं बोलावणं आलं. स्टाफरूममधले लोक भाचे-पुतणे घेऊन श्रीदेवीकडे जायला लागले. आणि चहाच्या वेळी तिच्या कामाच्या गोष्टी निघायला लागल्या. माझ्या शेऱ्यांसाठी कुणी थांबेना.

आता इथं मी अडखळतो. कारण सांगितलं की ती सबब होते, आणि सबब मला द्यायची नाही. केलं काय तेवढंच सांगतो.

गेटवर एक कुत्रा असायचा, टायगर. सुवर्णाच्या पानाची फाईल लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर राहिली होती. मी तिच्यातले शब्द बदलले. नाव: टायगर. रंग: गव्हाळ. मामा: केम. कॅन तसेच ठेवले, आणि त्यांवर लिहिलं — मामाच्या डेअरीत दुधाची राखण, उरलेल्या दुधाची विल्हेवाट, येणाऱ्या-जाणाऱ्याची योग्यता पाहून भुंकणे. अगदी वर: भांडण लावता येते. भाषा सुबक होती. विरामचिन्हंसुद्धा जागच्या जागी. सकाळी कुणी यायच्या आधी तो कागद मी स्टाफरूमच्या फळ्यावर टाचला आणि लायब्ररीत जाऊन बसलो.

भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं. किती छान वाटलं, हे लिहायला नको वाटतंय, पण वाटलं.

कुणीतरी फोटो काढला. कागद फोनाफोनांतून गावभर फिरला आणि माढ्याला पोचला. सुवर्णानं श्रीदेवीला फोन केला तेव्हा ती माझ्याच टेबलाशी उभी होती. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "ताई, माजा कागद कुणाला दावला तुमी? घरची म्हणत्यात आता जाऊ नको मुलाखतीला." श्रीदेवीनं रजा टाकली, एसटीनं माढ्याला गेली, आणि त्या घरात बसून माफी मागून आली — न केलेल्या गोष्टीची. सुवर्णा मुलाखतीला गेली. नोकरीही मिळाली तिला. ती श्रीदेवीमुळे; यात माझं काही नाही.

पण हे कुणी केलं? डेअरी, केमचा मामा, गव्हाळ रंग हे ठाऊक असलेली माणसं, सुवर्णा सोडली तर, तीनच. श्रीदेवी, मी, आणि मल्लिनाथ — छापायचं पान आणि मूळ कागद, दोन्ही त्याच्याकडे गेले होते. माझ्यावर तिला संशय आला नाही. मी 'सर' होतो. ती मला घेऊनच भवानी पेठेत गेली, म्हणाली, "तुमी सोबत असलाव की मला नीट बोलता येतंय."

मल्लिनाथनं ऐकून घेतलं. हसला नाही, चिडलाही नाही. मागं मशीनवर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स निघत होता, आधी टोपी, मग कपाळ. "अक्का," तो म्हणाला, "ह्याच्या विरोधातला माणूस रोज येऊन विचारतोय, फ्लेक्स केवढा, फोटो कुणाकुणाचे. दुप्पट देतो म्हणतोय. टांगायच्या आधी मी कुणाचं काम कुणाला दावत न्हाय ओ. तुमच्या पोरीचं दावीन?" आणि मग तो माझ्याकडे वळला. "सर, तुमी सांगा की. तुमी तर माणूस ओळखताव."

टायगरचा कागद ही चेष्टा होती, वाईट चेष्टा होती. पण मी ज्यासाठी हे लिहितोय ते पुढचं वाक्य आहे. मी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "पण फाईल तुमच्याकडेच होती ना?"

नुसता प्रश्न. प्रश्नाला कुणी खोटं म्हणत नाही. हे मला त्या क्षणीसुद्धा सुचलं होतं.

"होती," मल्लिनाथ म्हणाला. श्रीदेवीनं काचेवरचे आपले नमुने स्वतः सोडवून घेतले. त्यानं तिला चिकटपट्टी निघावी म्हणून ओलं फडकं दिलं.

त्याला बरीच वर्षं झाली. श्रीदेवीनं नोकरी सोडली. आता तिचं स्वतःचं ऑफिस आहे, हाताखाली मुली आहेत, पुण्याहून कामं येतात. मी संध्याकाळी तिच्याकडे मजकूर लिहायला जातो. मोबदला व्यवस्थित देते. नव्या मुलींना सांगते, "सरांकडून शिका, शब्द कसा जपून वापरायचा." एकदा काम करता करता मध्येच म्हणाली, "मल्लिअण्णाला एवढं चांगलं लिहायला येत असेल, असं वाटलं नव्हतं ओ मला." मी म्हणालो, "येत असेल." अजून काय म्हणायला हवं होतं? मला माहीत होतं काय म्हणायला हवं होतं.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी आली. स्वतःच सांगितलं, मी मल्लिनाथांची. पप्पा म्हणाले, काम चांगलं करून घ्यायचं तर अक्काकडंच जा. श्रीदेवीनं तिला खुर्ची दिली आणि नेहमीसारखं विचारलं — दुकानात काय करायचीस? मुलगी म्हणाली, फ्लेक्सवरची नावं तपासायची; आणि कुणाचं काम कुणाला दाखवायचं नाही, हे पप्पांनी सगळ्यात आधी शिकवलं.

मजकूर माझ्याकडे आला. मी तेच वाक्य लिहिलं, वडिलांच्या उल्लेखासकट. श्रीदेवीनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला विचारलं, "सर, हे खरं आहे?"

"खरं आहे," मी म्हणालो. आणि थांबलो. ती थोडा वेळ वाट बघत राहिली. मग तिनं ते वाक्य उचललं आणि पानाच्या अगदी वर ठेवलं, गणपतीच्या जागी. मुलीला जाताना म्हणाली, "पप्पांना सांग, मी विचारलंय म्हणून."

टायगरचा कागद मी लिहिला होता. मल्लिनाथनं नाही.