इतर औषधे : नाही

धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर झाला आणि माझ्या पेशी जुळल्या म्हणून त्याला चढवल्या, तेव्हा बऱ्हाणपुरातल्या आमच्या शनवारा मोहल्ल्यातल्या बायकांनी मला पार देवीच करून टाकलं. मीही फुशारले, खोटं कशाला बोलू! तीन महिन्यांनी माझ्या त्याच पेशी त्याच्या जिवावर उठल्या. कातडी सोलायला लागली, पोटात पाणी ठरेना. इंदूरचे डॉक्टर म्हणाले, "दीदी, आपके सेल्स उसको पराया समझ रहे हैं." डोंबल! सख्खा भाऊ परका?

नेहमीची औषधं हरली, तेव्हा त्याला एका नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. माझ्या पेशींचा माज उतरवणारं औषध. ह्यापुढे काही नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सोबत एक वही दिली, रोज काय काय घेतलं ते लिहायला. ती माझ्याकडे आली, कारण मी मास्तरीण.

औषध लागू पडलं. पंधरवड्यात हातांची लाली ओसरली, त्यानं वरणभात मागून खाल्ला. मी हरखले आणि तिथंच माती खाल्ली. आमच्याकडे आजारातून उठणाऱ्याला ताकद यावी म्हणून गुळवेलीचा काढा देतात. असीरगडहून मावशीनं कडुलिंबावरची वेल पाठवली. मी रोज सकाळी काढा उकळून पाजला. वहीत 'इतर औषधे' ह्या रकान्यात मात्र रोज 'नाही' लिहिलं. काढा काय औषध असतं? तो तर घरचा!

मग त्याचे डोळे पिवळे झाले. इंदूरला नेलं, तर यकृत सुजलेलं. डॉक्टरांनी वही चाळली. "घर का कुछ दिया? गिलोय-विलोय? उससे भी लिवर बिगड़ता है."

गिलोय म्हणजे आपली गुळवेलच. भावानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नहीं साहब. ताई तो नियम की पक्की है."

मी गप्प बसले. हलली का नाही ही जीभ तेव्हाच! नव्या औषधानंच यकृत बिघडवलं असं ठरलं आणि ते बंद झालं. अंग पुन्हा सोलायला लागलं. पोळ्याच्या आधी तो गेला.

लोक अजून म्हणतात, बहिणीनं जीव ओतला हो. ऐकलं की अंगाची लाहीलाही होते. तिकडे त्या औषधाच्या कागदांत बऱ्हाणपूरच्या एका पेशंटचं यकृत त्या औषधानं बिघडवल्याची नोंद असेल. ती खोटी आहे हे सांगायला मी अजून गेलेले नाही.